साहेबांच्या बैठकीने मुदत थांबत नाही

प्रश्न : पंचगंगेकाठच्या रस्त्याला संरक्षक भिंत बांधून दिली. काम १५ नोव्हेंबर २०२३ ला पूर्ण झाले. वाढीव बाबींच्या दरावरून शासकीय विभागाने अंतिम बिलातले १८ लाख अडवले आहेत. अधिकारी म्हणतात, कोर्टात जाऊ नका, बसून मिटवू. तीन बैठका झाल्या. थांबावे का? (एक ठेकेदार, करवीर)

उत्तर : बैठकांना जा, पण त्यांच्या भरवशावर थांबू नका. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. १५ नोव्हेंबर २०२६ हीच शेवटची तारीख धरा. तिन्ही बैठकांनी ती एक दिवसही पुढे सरकलेली नाही. तुम्ही पाठवलेल्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली, प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर’ एवढेच आहे आणि खाली सही कोणाचीच नाही. त्याच कागदावर देणे मान्य असल्याचे लिहून अधिकृत अधिकाऱ्याने मुदतीत सही केली असती, तर तीन वर्षे नव्याने मोजता आली असती. चहा घेऊन उठण्याआधी ती मागायची होती.

मुदतीतून दिवस वगळले जातात ते वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ खाली, दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठी केलेल्या अर्जाने. बांधकाम कराराचा तीन लाख किंवा त्यावरचा वाद असेल आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर ही मध्यस्थी केल्याशिवाय दावा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती सक्तीची ठरवली. अर्ज कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. अर्जाची फी १,००० रुपये; मध्यस्थी सुरू झाली की तुमच्या रकमेला ३०,००० रुपये, दोघांत निम्मे निम्मे. तीन महिने मिळतात, दोघांची संमती असेल तर आणखी दोन. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. विरुद्ध पक्ष ‘महाराष्ट्र शासन’ लिहा. नुसत्या कार्यकारी अभियंत्यावर केलेला अर्ज पुढे नडतो. शासनावर दाव्याआधी द्यावी लागणारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना आजच पाठवा. तिचे दोन महिनेही वगळले जातात, पण मध्यस्थीच्या काळावर ते चढले तर दुप्पट मोजू नका.

पहिल्याच तारखेला विचारा : तडजोडीवर सही करायचा अधिकार कोणाला? येणारा उपअभियंता ऐकून घेतो, ‘वर पाठवतो’ म्हणतो आणि महिने तिथेच जातात. सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी मंजुरी नसलेली तडजोड शासनाच्या गळ्यात बांधता येत नाही. मोजमाप पुस्तकात नोंदलेले, वाद नसलेले परिमाण वेगळे काढा, त्याचे बिल आधी मागा आणि चर्चा वाढीव बाबींच्या दरापुरतीच ठेवा. दर पृथक्करण, म्हणजे दर कसा बसला त्याचा हिशेब, सोबत न्या. त्याशिवाय मंजुरीचा प्रस्ताव वर सरकत नाही. सहीची तडजोड झाली की ती लवादाच्या निवाड्यासारखी अंमलात आणता येते.

करारात लवादाची, किंवा आधी अधीक्षक अभियंत्याकडे जाण्याची अट असेल तर मार्ग बदलू शकतो. तो कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे म्हणून तिथे थेट रिट याचिका टाकू, असे कोणी सुचवले असेल. दराचा वाद रिटमध्ये सहसा ऐकत नाहीत.