संगीत, साहित्य, समाजशास्त्र यांत कसलं संशोधन होतं?

तुमची मुलगी मराठीत एम.ए. झाली आणि आता लोकगीतांवर पीएच.डी. करायची म्हणते. भाचा रसायनशास्त्रात संशोधन करतो ते तुम्हाला समजतं, पण "गाण्यांत आणि समाजशास्त्रात नवीन काय सापडणार, आधीच्यांनी लिहिलेलं वाचून परत लिहायचं एवढंच ना?" असं तुम्ही विचारलंय.

मी प्राध्यापक नाही. पुण्यात सत्तावीस वर्षं मी प्रबंध टाइप करते, मुद्रितं तपासते आणि काळ्या रेक्झिनमध्ये बांधून वर सोनेरी अक्षरं टाकून देते. एकाच आठवड्यात माझ्याकडे बुरशीवरचा, शेतमजुरांच्या कर्जावरचा आणि ख्यालाच्या बंदिशींवरचा असे तीन प्रबंध येऊन पडतात. त्यातलं सगळं मला कळतं असं नाही. पण अक्षर न् अक्षर डोळ्यांखालून जातं, आणि पहिली काही वर्षं माझंही मत अगदी तुमच्यासारखंच होतं.

ते बदललं परिशिष्टांमुळे. प्रबंधाच्या शेवटी जोडलेली ही पानं टाइप करायला सगळ्यात किचकट. रसायनशास्त्रात तिथे आलेख असतात, समाजकार्यात प्रश्नावल्या आणि कोष्टकं, संस्कृतात पाठभेद, संगीतात स्वरलेखन. आधीच्या प्रकरणांत एखाद्याला भाषेच्या जोरावर वेळ मारून नेता येते, परिशिष्टात येत नाही. तिथे लगेच कळतं की हा माणूस स्वतः कुठे गेला आणि तिथून काय घेऊन आला. विषय कुठलाही असो, मी आता प्रबंध मागून उघडते.

मुलीचा विषय लोकगीतं आहे, तर तिथूनच सुरू करते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघा अभ्यासकांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं. गावोगावच्या बायकांना भेटत, त्यांच्याबरोबर बसत हे काम वर्षानुवर्षं चाललं. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे त्या संगणकावर विषयवार लावल्या गेल्या, अनेकांचं ध्वनिमुद्रणही झालं. यात नवीन काय, असं तुम्ही विचाराल. नवीन हे, की सासुरवास, भावाची ओढ, लेकीचा जन्म, नवऱ्याचा मार, सीतेचा वनवास, डॉ. आंबेडकर या सगळ्यांबद्दल शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला काय वाटत होतं, याचा लेखी पुरावा तोवर फार थोडा होता. बखरीत ती नाही, दप्तरात नाही. आणि गावात पिठाची गिरणी आली की जातं भिंतीला टेकून उभं राहतं. हात थांबला की ओवी थांबते, कारण ती हाताच्या फेऱ्यावर बांधलेली असते. म्हणजे हा पुरावा दर वर्षी कमी होत होता. भाच्याच्या प्रयोगशाळेतलं रसायन बिघडलं तर पुन्हा करता येतं. आजीबरोबर गेलेली ओवी परत आणता येत नाही. या क्षेत्रातल्या घाईचं कारण हे आहे, आणि म्हणून तुमच्या मुलीने दोन वर्षं थांबून मग बघू, असं करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता "आधीचंच वाचून परत लिहायचं" याबद्दल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, त्याबद्दल ऐकलं असेल. काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं! १,२५९ हस्तलिखितं, काश्मीरची शारदा, बंगाली, तमिळ भागातली 'ग्रंथ' नावाची लिपी, मल्याळम, देवनागरी अशा निरनिराळ्या लिप्यांतली. एकेक श्लोक घ्यायचा, कुठल्या पोथीत तो कसा आहे ते शेजारी शेजारी मांडायचं, आणि कुठला पाठ जुना हे ठरवायचं. १९२५पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. ते केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन प्राच्यविद्येकडे वळले. त्यांचं काम वाचताना ते गणित जाणवतं. "मला वाटतं म्हणून" असं कुठे नाही. या शाखेच्या पोथ्यांत आहे, त्या शाखेच्या पोथ्यांत नाही, म्हणून हा निर्णय, असं सगळं उघड मांडलेलं.

आणि निघालं काय? व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट मूळ संहितेत टिकली नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केला ते श्लोकही असेच मूळ संहितेबाहेर ठेवावे लागले; तिथे वस्त्रं येत राहतात, पण कोणी पाठवली ते सांगितलेलं नाही. माझी आई हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होती. पण संपादकांनी ते श्लोक फेकून दिले नाहीत, पोथ्यांच्या खुणांसकट छापून ठेवले, म्हणजे उद्या कोणाला निर्णय पटला नाही तर त्याने तपासून बघावं. हीसुद्धा प्रयोगशाळाच आहे, फक्त काचेची भांडी नाहीत.

समाजाच्या धोरणांवरचं संशोधन म्हणजे सर्व्हेचे फॉर्म भरायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यासाठी गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६पासून काम सुरू केलं. घरी जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती आणि दवाखाना लांब. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली जिथे हे केलं नव्हतं. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा दाईंसाठी त्यांनी आधीच वाळूचं घड्याळ आणि सरकते मणी असं साधन केलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा ताईंच्या कामात आली. आज एखादी आशा ताई बाळाचं वजन करायला घरी येते, तिच्या त्या फेरीमागे त्या गावांच्या याद्या आहेत. आता याला वैद्यकशास्त्र म्हणायचं की समाजशास्त्र की धोरण? मला तरी ती रेघ ओढता येत नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचंही नाव घेतलंच पाहिजे. १९७१ साली त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास मांडला. रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च येतो हे धरून त्यांनी गरिबीची मोजणी केली आणि सांगितलं की १९६०-६१मध्ये खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले जवळपास निम्मे लोक तेवढंही खाऊ शकत नव्हते. आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाले, व्हायलाच हवे होते. पण वाद घालायला धरायला काहीतरी मिळालं. गरिबांना सार्वजनिक कामांवर हक्काचा रोजगार द्या, ही त्यांची मांडणी होती, आणि ७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७७मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचे कष्ट होते.

निव्वळ विज्ञानाचं तुम्हाला पटलेलंच आहे, तेव्हा एवढंच सांगते की नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या भागात रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. मुलीला घेऊन एकदा त्या बाजूला जाऊन या. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी पकडायला तारांच्या जाळीची एवढी मोठी ताटं लागतात, आणि ओवी पकडायला जात्यापाशी मांडी घालून बसावं लागतं. दोन्ही ठिकाणी आधी गप्प बसून ऐकावं लागतं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते. तिचा विषय होता एकाच रागातली एकच बंदीश वेगवेगळे गवई कशी मांडतात. स्वरलेखनाची दीडशे पानं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाचा बिंदू खाली आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाचा वर. फॉन्ट बदलला की बिंदू उडायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, एक बिंदू इकडेतिकडे झाला तर कोणाला कळणारे?" तिने मोबाइलवर ती जागा लावली, थांबवली, परत लावली. बारा-तेरा वेळा. मग म्हणाली, "काकू, हा मंद्र निषाद आहे. बिंदू गेला तर गवई जिथे गेलाच नाही तिथे मी त्याला नेलं असं होईल." ती सगळी पानं आम्ही दोघींनी रात्री बसून पुन्हा तपासली. तो प्रबंध बांधताना माझा हात जरा जास्तच जपून चालला.

वाईट प्रबंधही येतात, हे लपवत नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातलं उचलून गावाचं नाव तेवढं बदललेलं मी पाहिलंय, आणि ते विज्ञानातही पाहिलंय, साहित्यातही. अशांची परिशिष्टं तीन-चार पानांत संपतात.

म्हणून मुलीला "याचा उपयोग काय" असं विचारण्याआधी "तुझ्या परिशिष्टात काय असेल" असं विचारा. कुठल्या गावच्या, कुठल्या वयाच्या बायका, कोणती गीतं, ती कशी नोंदवणार, गाणाऱ्या बाईचं नाव देणार की नाही, तिची परवानगी घेणार का. याची उत्तरं तिच्याकडे असतील तर काळजी सोडा. नसतील तर अजून मार्गदर्शक ठरायचा आहे, तोवर तिला शोधू द्या. आणि 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही. तिथे बहुतेक प्रबंधांची प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत ठेवलेली असतात. लोकगीतांवरचे दोन-तीन काढून दोघं मिळून बघा, आणि यादीतली परिशिष्टाची फाइल आधी उघडा.