दिवा विझला म्हणजे तेल तापलं असं नाही

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. नव्या इलेक्ट्रिक फ्रायरमध्ये वेगळं काय तळावं, हा तुमचा प्रश्न. पण डायल १८० अंशांवर ठेवून, तेल तापलं की विझणारा दिवा विझल्यावर केळफुलाचे वडे सोडले तर ते फिके आणि तेलकट. अनारसे तर जाळीतच विरघळले. वर प्रतिसादांत बऱ्याच जणांनी पिठात तांदळाची पिठी वाढवायला सांगितलंय. माझं ठाम मत आहे की वड्यांपुरता तरी दोष पिठाचा नाही. आधी तेलाचं तापमान मोजा.

माझ्या फ्रायरचं हुबेहूब हेच होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला (नाव लिहीत नाही) घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने प्लग लावला, दिवा लागला, थोड्या वेळाने विझला. 'चालतोय की मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल.' जॉबशीटवर (सेंटरच्या तपासणीच्या कागदावर) शेरा, 'दोष आढळला नाही'. पुन्हा गेले तर म्हणे हे मशीन फ्रोजन पदार्थांसाठी आहे, भज्या-वड्यांसाठी नाही. तेलात थर्मामीटर घालून बघायचे कष्ट कोणीही घेतले नाहीत, आणि या फेऱ्यांत वॉरंटी संपली. आजही आठवलं की संताप होतो, कारण त्यांचं उत्तर साध्या तर्कालाही धरून नव्हतं. व्होल्टेज कमी असेल तर तेल तापायला वेळ लागतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर तेल तापवणाऱ्या कॉइलची ताकद दोन-तृतीयांशावर येते, हे खरं. पण मग दिवा उशिरा विझायला हवा. तो लवकर विझतो आणि तेल मात्र थंड, याचा अर्थ थर्मोस्टॅट (तापमान बघून कॉइल चालू-बंद करणारा भाग) चुकीचं वाचतोय. मी मोजलं तेव्हा डायल १८० वर आणि तेल दीडशेच्या आसपास होतं.

मोजायचं असं: धातूची लांब दांडी असलेला, निदान २५० अंशांपर्यंतचा डिजिटल थर्मामीटर आणा. आधी तो उकळत्या पाण्यात तपासा. मुंबईत १००, पुण्यात उंचीमुळे ९८ च्या आसपास दाखवायला हवा. मग फ्रायरमध्ये तेल खुणेपर्यंत भरा आणि दिवा पहिल्यांदा विझल्यावर लगेच मोजू नका, दोन-तीनदा लागून विझू द्या. तेल लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवा, दांडी कॉइलला किंवा तळाला न टेकवता मधोमध धरा. पाच-सात अंशांचा फरक चालतो. वीस-पंचवीसचा असेल तर आकडा दिसेल असा व्हिडिओ काढूनच सेंटरला जा आणि वॉरंटी चालू असताना तक्रार लेखी द्या. मी इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे मशीन उघडायचा सल्ला देणार नाही, तुम्हीही उघडू नका. २००० वॅटचा फ्रायर साधारण पावणेनऊ अँपियर ओढतो. सहा अँपियरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेंशनवर तो लावू नये, हे माहीत असेलच.

आता तुमचा मूळ प्रश्न, वेगळं काय तळावं. माझी पहिली पसंती फुलांना. हादग्याची फुलं मधला कडू दांडा काढून, भोपळ्याची फुलं, ओव्याची पानं, मायाळूची पानं. पीठ पातळ, तेल खरोखरीचं १८०. जाळी आधी तेलात खाली सोडा आणि भजी वरून अलगद टाका. जाळीत मांडून मग खाली नेली तर पीठ तारांत शिरतं आणि भजी सोडवता सोडवता फाटतात. कुरडया, सांडगे यांना १९० लागतं, तेल कमी तापलेलं असेल तर कुरडई नीट फुलत नाही. बोंबील दाबून पाणी काढून, तांदळाच्या पिठात घोळवून सुंदर होतात. रवा नको, तो तळाशी बसून जळतो आणि पुढचं सगळं तेल कडवट करतो.

कच्च्या फणसाच्या गऱ्यांबद्दल मात्र नीट वाचा. कोकणात आणि गोव्यात गरे तळताना कढईतल्या उकळत्या तेलातच मीठ-हळदीचं पाणी शिंपडतात. पसरट कढईत त्याने उठणारा फेस वर येऊन बसतो. फ्रायरचं भांडं अरुंद आणि खोल. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं, सगळा फेस काठावरून ओट्यावर येईल. फ्रायरमध्ये गरे कोरडेच तळा आणि बाहेर काढल्या काढल्या बारीक मीठ भुरभुरवा. याच कारणाने बर्फ चिकटलेलं काहीही थेट टाकू नका, मिरच्यांना चीर द्या, आणि अख्खं उकडलेलं अंडं तळायचा मोह टाळा, ते फुटतं. साबुदाणा वडेही मी फ्रायरमध्ये करत नाही. आत पाणी राहिलेला वडा खोल तेलात फुटला तर आवरत नाही.

अनारशांना माझ्या मते फ्रायर योग्यच नाही. त्यांना पसरट कढई, थोडं तूप आणि मंद आच हवी, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने तूप उडवत तळायचे, उलटायचे नाहीत. खोल तेलात ते सावरता येत नाहीत. शिवाय तूप फ्रायरमध्ये गोठतं आणि पुढच्या वेळी गोठलेल्या तुपात कॉइल जागोजागी वाजवीपेक्षा जास्त तापते. तुमचे विरघळले त्यात गूळही जास्त झाला असेल, थोडी तांदळाची पिठी मळून एकच करून बघा. (इथे पिठीचा सल्ला बरोबर आहे.)

तळलेलं आइस्क्रीम बहुतेकांना आधी करून बघायचं असतं. गोळा ब्रेडच्या स्लाइसमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेरचा बर्फ पुसा, १९० ला दहा-पंधरा सेकंद, एका वेळी एकच. तुमचं तेल दीडशेचं असेल तर ब्रेडला रंग येईपर्यंत आत नुसतं दूध उरेल.

तेलाबद्दल: रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन. बोंबलाचं तेल वेगळ्या बाटलीत. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या पोलर कंपाउंड्सना (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते सहसा कोणी मोजत नाही, पण तेल दाट झालं, काळवंडलं, फेस बसेनासा झाला की ते काढूनच टाका.

मोजून झालं की आकडा आणि फ्रायरच्या तळाला असलेल्या लेबलवरचे वॅट इथेच लिहा. जॉबशीट मिळाली असेल तर तिच्यावरचा शेराही. तक्रारीचा मजकूर लिहायला मदत करते.