हॉकीचा हंगाम सुरू होण्याआधी टोरंटोचे चाहते एवढे कशाबद्दल बोलत असतात?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त दोन महिन्यांपूर्वी टोरंटोला आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांच्या तोंडी सतत आइस हॉकी ऐकू येते. एकही खरा सामना झालेला नसताना ही मंडळी नेमके काय बोलतात, आणि या बातम्यांपैकी कोणत्या लक्षात ठेवण्यासारख्या असतात. मी टोरंटोशेजारच्या मिसिसागामध्ये अठरा वर्षे राहतो आहे आणि टोरंटो मेपल लीफ्स या इथल्या संघावर माझे मनापासून प्रेम आहे, त्यामुळे हे उत्तर तटस्थ असणार नाही. आज ७ ऑक्टोबर २०२५ आहे. आज रात्री नॅशनल हॉकी लीगचा नवा हंगाम सुरू होतो आणि उद्या लीफ्सचा पहिला सामना घरच्या मैदानावर माँट्रियल कॅनेडियन्सशी आहे, तेव्हा आपला प्रश्न अगदी वेळेवर आला आहे.

पहिली गोष्ट अशी की हंगामापूर्वीच्या बहुतेक बातम्या खेळाच्या नसून हिशेबाच्या असतात, आणि तो हिशेब समजला की सहकाऱ्यांचे निम्मे बोलणे आपोआप उलगडते. लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करावा यावर कडक मर्यादा आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. मालक आणि खेळाडू यांच्या वादात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला, त्यानंतरच्या तडजोडीतून ही मर्यादा आली आणि पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. गेल्या हंगामात ती ८ कोटी ८० लाख होती, या हंगामात ९ कोटी ५५ लाख आहे, पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाख होईल. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या हाती ठरावीक रक्कम असते, ती कल्पना इथे उपयोगी पडते. मात्र इथे लिलाव नसतो, मोठ्या खेळाडूंचे करार सात-आठ वर्षांचे असतात आणि चुकलेला करार वर्षानुवर्षे संघाच्या गळ्यात राहतो. लीफ्स हा लीगमधल्या सर्वांत श्रीमंत संघांपैकी एक आहे, पण या नियमामुळे त्या श्रीमंतीचा खेळाडू घेण्यासाठी फारसा उपयोग होत नाही.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे मिच मार्नरकडे येतो. टोरंटोला लागूनच असलेल्या मार्कहॅममध्ये जन्मलेला हा खेळाडू २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, लीफ्सने चौथ्या क्रमांकावर निवडला आणि नऊ हंगामांत त्याने लीफ्ससाठी ७४१ गुण मिळवले. (हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि गोलसाठी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक.) गेल्या हंगामात त्याचे १०२ गुण झाले, तेही आघाडीवर खेळताना आणि एक खेळाडू कमी असताना बचावासाठी उभा राहताना. त्याच्यासोबत ऑस्टन मॅथ्यूज, विल्यम नायलँडर आणि जॉन टवारेस असे चौघे मिळून इथे ‘कोअर फोर’ म्हणून ओळखले जात. गेल्या हंगामात मॅथ्यूजचा वार्षिक आकडा १ कोटी साडेबत्तीस लाख, नायलँडरचा १ कोटी १५ लाख, टवारेसचा १ कोटी १० लाख आणि मार्नरचा सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर होता. बेरीज केली तर ४ कोटी ६६ लाखांच्या आसपास जाते, म्हणजे संघाच्या एकूण मर्यादेच्या निम्म्याहून अधिक पैसे चार आघाडीपटूंकडे जात होते आणि उरलेल्या रकमेत बचावपटू, गोलरक्षक आणि बाकीची फळी बसवायची होती.

या मांडणीने साखळी सामन्यांत भरपूर आनंद दिला. प्लेऑफमध्ये मात्र नऊ हंगामांत फक्त दोन फेऱ्या जिंकता आल्या, एक २०२३ मध्ये टँपा बेविरुद्ध आणि दुसरी यंदाच्या वसंतात ओटावाविरुद्ध. त्यानंतर फ्लॉरिडा पँथर्सविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकूनही लीफ्सने मालिका गमावली. पाचवा आणि सातवा सामना घरच्या प्रेक्षकांसमोर, दोन्ही वेळा ६-१ अशा फरकाने. १८ मे रोजी झालेला तो सातवा सामना मी अख्खा पाहिला, आणि शेवटच्या मिनिटांत रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्या अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. लीफ्सने स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, शेवटचा जिंकला तो १९६७ मध्ये, त्यामुळे या शहरात पासष्ट वर्षांखालच्या जवळजवळ कोणालाही तो क्षण आठवत नाही. सहकारी मार्नरचे नाव रागाने घेतात तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे ही सगळी वर्षे असतात, हे आपण लक्षात घ्यावे.

मार्नरचा करार ३० जूनला संपत होता आणि तो जाणार हे बहुतेकांना दिसत होते. जे घडले त्यातले तंत्र समजून घेण्यासारखे आहे, कारण अशा बातम्या पुन्हा ऐकू येतील. लीगच्या नियमाप्रमाणे आठ वर्षांचा करार फक्त खेळाडूचा सध्याचा संघच देऊ शकतो, दुसऱ्या संघाला सात वर्षेच देता येतात. म्हणून लीफ्सने मार्नरला वर्षाला १ कोटी २० लाख, एकूण ९ कोटी ६० लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार दिला आणि त्या करारासह त्याला व्हेगास गोल्डन नाइट्सकडे पाठवून बदल्यात निकोला ऱ्वा हा मधल्या फळीतला खेळाडू घेतला. मार्नरला आठवे वर्ष मिळाले, व्हेगासला मार्नर मिळाला आणि लीफ्सला हात अगदीच रिकामे ठेवून बसावे लागले नाही. माझ्या मते तिघांत सर्वांत कमी लीफ्सच्या पदरात पडले, पण १ जुलैला करार संपून तो मोकळा झाल्यावर तेवढेही मिळाले नसते.

मोकळ्या झालेल्या पैशांतून मॅथ्यू नाइज या तरुण खेळाडूला वर्षाला ७७ लाख ५० हजार डॉलरचा सहा वर्षांचा करार मिळाला आणि युटाकडून मात्यास माचेली व व्हँकुव्हरकडून डकोटा जोशुआ हे दोघे आले. या उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त समाधान मात्र टवारेसच्या बातमीने दिले. वर्षाला १ कोटी १० लाख घेणारा हा माजी कर्णधार, ज्याने गेल्या वर्षी ३८ गोल केले, तो ४३ लाख ८० हजारांवर चार वर्षे राहायला तयार झाला. बाजारात त्याला याहून बरेच जास्त मिळाले असते. तो जन्माने आमच्या मिसिसागाचा आहे, आणि इथल्या मुलांच्या हॉकीच्या सरावाला गेलात तर त्याचे नाव पाठीवर घातलेली पोरे अजूनही दिसतील.

‘टॅक्स’ हा शब्दही आपल्या कानावर पडला असेल. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरंटोच्या प्रांतात, सर्वांत वरच्या उत्पन्नावर केंद्र आणि प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर लागतो, तर फ्लॉरिडा आणि नेव्हाडा या राज्यांत राज्याचा प्राप्तिकरच नाही, म्हणजे तेवढ्याच पगारात तिथल्या खेळाडूच्या हाती जास्त पैसे उरतात. २०२० पासूनच्या सहा स्टॅनले कपांपैकी पाच याच दोन राज्यांतल्या संघांनी जिंकले आहेत आणि कॅनडातल्या एकाही संघाने १९९३ नंतर तो जिंकलेला नाही. तक्रार खरी आहे, पण तिच्यामागे लपायला फार जागा नाही. कर लीफ्सच्या सातव्या सामन्यात खेळायला उतरला नव्हता.

कालची सर्वांत मोठी बातमी कॉनर मॅकडेव्हिडची होती. एडमंटनच्या या कर्णधाराला आजच्या काळातला सर्वोत्तम खेळाडू मानणाऱ्यांत मीही आहे. फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये चार देशांच्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेत कॅनडाचा विजयी गोल त्यानेच केला होता. त्याचा करार येत्या उन्हाळ्यात संपणार होता. तो टोरंटोच्या उत्तरेला रिचमंड हिलमध्ये जन्मला आहे, त्यामुळे इथले असंख्य लोक वर्षभर मनात त्याला लीफ्सच्या निळ्या जर्सीत पाहत होते. काल त्याने एडमंटनशीच दोन वर्षांचा करार केला, आणि तोही सध्याच्याच दराने, म्हणजे वर्षाला १ कोटी २५ लाखांना. आठवड्याभरापूर्वी मिनेसोटाच्या किरिल कप्रिझोव्हने वर्षाला १ कोटी ७० लाखांचा आठ वर्षांचा करार केला होता, त्याच्याशेजारी हा आकडा ठेवला की मॅकडेव्हिडने काय केले ते दिसते. आपल्या वाट्याचे पैसे त्याने संघात इतर चांगले खेळाडू बसवण्यासाठी मोकळे ठेवले, आणि मुदत फक्त दोन वर्षांची ठेवून संघाला कप जिंकण्याची घाईही लावली. त्याचा नवा करार २०२८ मध्ये संपतो, आणि आमच्या मॅथ्यूजचाही त्याच उन्हाळ्यात संपतो. आज ऑफिसात कोणी ‘२०२८’ म्हणाले तर त्याचा अर्थ हा आहे.

दुखापतींच्या बातम्या या दिवसांत पुष्कळ येतात आणि त्यांतल्या बऱ्याच दोन आठवड्यांत विरून जातात, पण एक विरणारी नाही. फ्लॉरिडाने सलग दोन वर्षे कप जिंकला, त्यांचा कर्णधार अलेक्सांडर बार्कोव्ह २५ सप्टेंबरला सरावात पडला, त्याच्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला सात ते नऊ महिने लागतील असे संघाने सांगितले. याचाही पैशांशी संबंध आहे. दीर्घकाळ जखमी असलेल्या खेळाडूच्या पगाराच्या बदल्यात संघाला मर्यादेबाहेर खर्च करता येतो. पूर्वी प्लेऑफमध्ये मर्यादा लागूच नसे, म्हणून २०२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह संपूर्ण साखळीत बाहेर राहिला, प्लेऑफसाठी परतला, ३२ गुणांसह सर्वांत पुढे राहिला आणि त्याच्या संघाने कप उचलला. नियम मोडला नव्हता, तरी इतर संघांच्या चाहत्यांना ते मनापासून लागले होते. या हंगामापासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात मैदानात उतरणाऱ्या वीस खेळाडूंच्या पगारांची बेरीज मर्यादेत बसावी लागेल. मला हा या वर्षीचा सर्वांत चांगला बदल वाटतो, आणि तो मिळेल तितक्या चर्चेला पात्र आहे.

सराव सामन्यांचे निकाल आपण खुशाल विसरावेत. मी इथल्या पहिल्या वर्षी लीफ्सचे सराव सामन्यांतले विजय पाहून संपूर्ण हंगामाबद्दल आशा बांधली होती, आणि वसंत येईपर्यंत ती मोडली. या सामन्यांत अर्धे खेळाडू कनिष्ठ संघाचे असतात आणि मोठी नावे अंगावर काही येऊ न देता खेळतात. पुढच्या हंगामापासून तर त्यांची संख्या चारवर येणार आहे आणि साखळीचे सामने ८२ वरून ८४ होणार आहेत. त्यांच्यापेक्षा शेवटच्या दोन-तीन दिवसांतल्या ‘वेव्हर्स’च्या यादीकडे पाहावे. प्रत्येक संघाला २३ जणांत यावे लागते, आणि ठरावीक अनुभव झालेल्या खेळाडूला कनिष्ठ संघात पाठवण्याआधी २४ तास इतर ३१ संघांना तो उचलण्याची संधी द्यावी लागते. काल लीफ्सने केडन प्रीमो हा गोलरक्षक कॅरोलिनाकडून असाच उचलला, कारण जोसेफ वोल कौटुंबिक कारणासाठी रजेवर आहे आणि अँथनी स्टोलार्झवर एकट्यावर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे. बातमी दोन ओळींची होती, पण लीफ्सचा पहिला महिना तिच्यावर अवलंबून राहू शकतो.

फेब्रुवारीत मिलानच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये २०१४ नंतर प्रथमच या लीगचे खेळाडू खेळतील. त्या संघनिवडीवर इतक्यात बोलण्यात अर्थ नाही, डिसेंबरपर्यंत थांबावे.

खेळ समजून घ्यायचा असेल तर एक सूचना करतो. २००८ पासून ‘हॉकी नाइट इन कॅनडा’चे पंजाबी समालोचन होत आले आहे. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी समालोचनाचा वेग पकडता येत नव्हता. पंजाबीतून, हिंदीच्या आधाराने, त्यांना ऑफसाइड आणि पॉवर प्ले महिन्याभरात कळू लागले, आणि आता शनिवारी संध्याकाळी दूरदर्शन संच त्यांच्याच ताब्यात असतो.

उद्या सामना पाहताना पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कुठे आहे ते सुरुवातीला दिसत नाही, त्याची चिंता करू नये. आपण मॅथ्यूजच्या उजव्या बाजूला कोण उभा आहे ते पाहावे. ती मार्नरची जागा होती. सराव शिबिरात प्रशिक्षक क्रेग बरूबी यांनी तिथे मॅक्स डोमीला आजमावले आहे, ज्याचे वडील टाय डोमी याच संघात खेळून इथल्या प्रेक्षकांचे लाडके झाले होते. मॅथ्यूजने दोन वर्षांपूर्वी ६९ गोल केले आणि गेल्या वर्षी दुखापती सांभाळत ३३. त्याला पक कोण आणून देणार, हा प्रश्न या शहरात जूनपासून विचारला जातो आहे. आणि मार्नर व्हेगासच्या जर्सीत इथे खेळायला येईल तो दिवस २३ जानेवारीचा आहे. माझ्या घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लेकीने केव्हाच गोल काढून ठेवला आहे.