आयर्टन सेन्नाच्या मृत्यूवरून रेसिंगचे चाहते अजून का भांडतात?

तुम्ही विचारलंय की ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर सेन्ना जाऊन तीस वर्षं उलटली, शेवटी तो अपघातच होता, कोर्टानंही सगळ्यांना सोडलं, मग त्याचे चाहते अजून एकमेकांच्या अंगावर का धावून जातात?

यातलं "कोर्टानं सोडलं" हे आधी दुरुस्त करतो, कारण भांडणाचं मूळ तिथंच आहे. १९९७ मध्ये इटलीतल्या खटल्यात सगळे निर्दोष सुटले, १९९९ च्या अपिलातही सुटले. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण पुन्हा चालवायला लावलं. २००७ साली जो शेवटचा निकाल आला त्यात म्हटलं की स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, तुटल्यामुळे अपघात झाला, कॉलममधला बदल नीट आखला नव्हता आणि नीट केलाही नव्हता, आणि त्याची जबाबदारी सेन्नाच्या विल्यम्स संघाचे तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांच्यावर येते. मात्र तोवर कायद्याची मुदत संपली होती, त्यामुळे शिक्षा नाही. डिझायनर एड्रियन न्यूई निर्दोषच राहिले. म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात कोर्टाचा कागद आहे. असं प्रकरण मिटेल कसं?

मी कुपवाड एमआयडीसीत लेथचं काम करतो. सेन्नाला थेट बघायचं भाग्य मला लाभलं नाही. केबलवर रेस बघायला लागलो तेव्हा शूमाकर आणि हक्किनेनचा जमाना होता. पण सेन्ना आमच्या घोळक्यात कायम असतो. रेसच्या रविवारी संध्याकाळी विश्रामबागला एका मित्राच्या गॅरेजवर आम्ही जमतो, त्यात मेकॅनिक आहेत, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत. रेस संपली की कुणीतरी टँबुरेलोचा, म्हणजे सेन्ना जिथं गेला त्या वळणाचा, विषय काढतोच, आणि मग चहा गार होईपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नाही.

काय घडलं ते थोडक्यात सांगतो. १ मे १९९४, रविवार, इटलीतला इमोलाचा ट्रॅक. सेन्ना सगळ्यात पुढं, मागं शूमाकर. सुरुवातीलाच पाठीमागं अपघात झाल्यानं सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्या मागं हळू चालवणारी गाडी, आली होती, ती बाजूला होऊन रेस पुन्हा सुटलेली. सातव्या फेरीत टँबुरेलो नावाच्या डाव्या वळणावर सेन्नाची गाडी वळलीच नाही, सरळ गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. वेग तीनशेच्या वर होता, त्यानं ब्रेक दाबून तो दोनशेच्या आसपास आणला होता. पुढचं उजवं चाक तुटून आलं आणि सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटमधून डोक्यात गेला. तो घाव नसता तर तो कदाचित चालत बाहेर आला असता, असं बरेच जाणकार मानतात. तिथं दुपारचे २ वाजून १७ मिनिटं झाली होती, आपल्याकडं संध्याकाळचे पावणेसहा.

आता मुद्द्याचं. सेन्नाला कॉकपिटमध्ये हात फिरवायला जागा कमी पडत होती, त्यानं तसं सांगितलं होतं. म्हणून कॉलम कापून मध्ये कमी व्यासाचा तुकडा वेल्ड केला. अपघातानंतर कॉलम तुटलेला सापडला, आणि तुटलेल्या जागी फटीगच्या, म्हणजे धातू थकल्याच्या, खुणा होत्या.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण माझ्या टेबलावर असे तुकडे रोज येतात. उसाच्या ट्रॉलीचा तुटलेला एक्सल घ्या. तो जिथं तुटलाय ते तोंड उजेडात धरलं की दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक गोलाकार रेघा. दुसरा भाग खरबरीत, दाणेदार, चकाकणारा. गुळगुळीत भागात चीर महिनोन्‌महिने हळूहळू सरकत गेलेली असते, आणि दाणेदार भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला असतो. आणि चीर सुरू कुठं होते? जिथं व्यास एकदम बदलतो, जिथं पायरीच्या कोपऱ्यात रेडियस दिलेला नसतो, नाहीतर वेल्डच्या कडेला. नव्या पोराला लेथवर उभं केलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो की पायरीला गोलाई दिल्याशिवाय जॉब काढायचा नाही.

म्हणून कॉलम सदोष होता यात मला शंका नाही. न्यूईनी स्वतःही पुढं कबूल केलंय की त्याची रचना खराब होती आणि त्यात चिरा पडलेल्या होत्या. पण आमच्यातली पोरं इथं एक पायरी गाळतात. चिरलेला कॉलम भिंतीवर आदळल्यावरही तुटतोच. तोंडावरच्या रेघा एवढंच सांगतात की चीर आधीपासून होती. शेवटचा झटका वळणावर बसला की भिंतीवर, हे त्या रेघा सांगत नाहीत. न्यूईंचं म्हणणं असं की गाडी कॉलममुळे ट्रॅक सोडून गेली नाही. १९९४ च्या नियमांनी गाडीची उंची आपोआप सांभाळणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदी आणली, त्यानंतर बनवलेली विल्यम्सची गाडी हवेच्या दाबाच्या बाबतीत फार चंचल होती, आणि त्याचा दोष ते स्वतःकडं घेतात. सेफ्टी कारच्या मागं हळू चालून टायर गार होतात, त्यातला दाब उतरतो, गाडी खाली बसते, पोट रस्त्याला घासतं आणि पकड जाते. मागून येणाऱ्या शूमाकरनंही सांगितलं होतं की आदल्या फेरीतच सेन्नाची गाडी तिथं अस्थिर दिसत होती.

माझं मत विचाराल तर न्यूईंचं म्हणणं मला जास्त पटतं. पण त्यामुळे कॉलमचं काम माफ होत नाही. माणूस ज्या गाडीत तीनशेनं जाणार आहे तिच्यात असला जोड बसवून ती रेसला सोडायची नसते, मग त्या दिवशी तो जोड आधी तुटला असो की नंतर.

भांडणाचं दुसरं कारण याहून जास्त जिव्हारी लागणारं आहे. आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, पात्रता फेरीत रोलांड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर गेला. पुढचं विंग निखळलं आणि गाडी भिंतीत घुसली. त्याच्या आदल्या दिवशी रुबेन्स बारिचेल्लो मोठ्या अपघातातून वाचला होता. रेसचे डॉक्टर सिड वॉटकिन्स सेन्नाचे जवळचे मित्र. त्यांनी त्याला सांगितलं, तू तीनदा विश्वविजेता झालास, आता सोड हे, चल मासे पकडायला जाऊ. सेन्ना म्हणाला, मला सोडता येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी रेस झाली. सेन्नाचा अपघात झाल्यावर थांबवली, आणि पुन्हा सुरू केली. शूमाकर जिंकला. मृत्यू जाहीर झाला तो संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी, पण अधिकृत वेळ लावली ती अपघाताचीच, २ वाजून १७. चाहत्यांचा राग इथं सगळ्यात तीव्र आहे आणि तो मला पूर्ण रास्त वाटतो. शनिवारी एक माणूस गेल्यावर रविवारी ती रेस व्हायलाच नको होती.

दुःख किती मोठं होतं याचा अंदाज ब्राझीलकडं बघून येतो. तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा, साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखो माणसं, आणि शवपेटी वाहणाऱ्यांत अ‍ॅलन प्रोस्ट हा फ्रेंच ड्रायव्हर, ज्याच्याशी सेन्नाचं १९८९ आणि १९९० ला जपानच्या सुझुका ट्रॅकवर हाडवैर झालं होतं. आमच्या सांगली-साताऱ्याकडं हे लोकांना चटकन कळतं. शर्यतीचं मैदान गाजवलेला बैल गेला तर चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागतो, काही घरं त्याचं तेराव्याचं जेवणही घालतात. जिवापाड जपलेलं गेलं की माणूस कारण शोधतो, आणि कारण सापडेना की दोष द्यायला माणूस शोधतो.

असा दोषाला माणूस शोधणं मला मान्य नाही. अमेरिकेत १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत तिथल्या नॅसकार रेसिंगचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला. त्याच्या गाडीला स्टर्लिंग मार्लिनची गाडी घासली होती, तेवढ्यावरून चाहत्यांनी मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. शेवटी अर्नहार्टच्या मुलाला पुढं येऊन सांगावं लागलं की त्याला दोष देऊ नका. सीटबेल्ट बनवणाऱ्या बिल सिम्पसनलाही धमक्या आल्या. खरा प्रश्न मान सांभाळणाऱ्या हान्स उपकरणाचा होता, जे अर्नहार्टनं घातलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथं असं उपकरण सक्तीचं झालं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ ला आलं. राग वस्तूकडं वळला की असं काहीतरी हाती लागतं. इमोलानंतरही गाडीच्या पोटाखाली लाकडी फळी आली, १९९५ ला इंजिनं साडेतीन लिटरवरून तीन लिटरवर आणली, टँबुरेलोच्या जागी वळणांची जोडी आली. भिंतीच्या मागं नदी होती म्हणून ती हलवता येत नाही, हे सेन्ना आणि ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर दोघांनी पूर्वी स्वतः जाऊन पाहिलं होतं. वळण बदलता येतं हे दोन मृत्यूंनंतर सुचलं, याची मला अजून चीड येते.

आमच्या घोळक्यात मी एक गोष्ट हट्टानं करायला लावतो. मे महिन्यात विषय निघाला की आधी रात्झेनबर्गर, मग सेन्ना. सेन्नाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला होता, जिंकला असता तर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवणार होता असं मानतात. ज्याच्यासाठी त्यानं झेंडा जवळ ठेवला, त्याचं नावही आपल्या पोरांना ठाऊक नसावं, हे बरं नाही.

आणि तुम्ही नवीन असाल तर अपघाताची क्लिप आधी बघू नका. आमच्यातल्या पोरांनी टँबुरेलो असंख्य वेळा बघितलंय आणि सेन्नाची एक अख्खी रेस बघितलेली नाही. ११ एप्रिल १९९३ ची इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन ट्रॅकवरची पहिली फेरी शोधा. पाऊस, ओला ट्रॅक, सेन्ना सुरुवातीला पाचव्या नंबरवर ढकलला जातो, आणि फेरी संपायच्या आत शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट या चौघांना मागं टाकून सगळ्यात पुढं येतो. त्यानंतर १९९१ ची ब्राझीलची रेस बघा, शेवटी गिअरबॉक्सनं दगा दिलेला, गाडी सहाव्या गिअरमध्ये अडकलेली आणि तरी घरच्या लोकांसमोर जिंकलेली. ही दोन बघून या, मग कॉलमवर भांडायला आमच्याकडं विश्रामबागला जरूर या.