वाचकांचे प्रश्न : झाडीपट्टीचा नट आणि मुंबईची मालिका

प्रश्न : माझे वय २६ वर्षे. गेले पाच हंगाम मी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील लोकरंगभूमीच्या, एका नाटक कंपनीत काम करतो. आरंभी हवालदार, कोतवाल असे किरकोळ पार्ट मिळाले. आता खलनायक करतो. घरी दोन एकर धानाची शेती आहे. मित्रांचा आग्रह आहे की मुंबईला जाऊन मालिकेत काम शोधावे. झाडीपट्टीचा अनुभव तिथे उपयोगी पडतो, की तो विसरूनच जावे लागते? आमच्या बोलीचे काय करावे? — एक नट, तालुका आरमोरी

उत्तर : आपल्या पत्रात ‘हौशी’ हा शब्द कुठेही नाही, हे वाचून बरे वाटले. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नव्या गावी, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडून पहाटेपर्यंत तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे उभा राहणारा आणि त्यासाठी नाइट, म्हणजे प्रयोगाचा मोबदला, घेणारा माणूस हा व्यावसायिक नटच असतो. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी. तेव्हा आपण मुंबईला नट होण्यासाठी जाणार नाही आहात; एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाणार आहात. हा भेद मनात पक्का असला, म्हणजे काय बरोबर न्यायचे आणि काय वडशालाच ठेवायचे हे ठरवणे सोपे जाते.

न्यायची पहिली गोष्ट म्हणजे दम. दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण बारा-बारा, तेरा-तेरा तास चालते, पुष्कळदा संवादांची पाने त्याच सकाळी हातात पडतात आणि तासाभरात प्रवेश उभा करावा लागतो. शहरातले महिनाभर तालीम करणारे नट इथे गांगरतात. झाडीपट्टीत मोजक्या तालमींवर नाटक उभे राहत असल्यामुळे प्रॉम्प्टरने विंगेतून सांगितलेले वाक्य लगेच उचलून, त्यात भाव भरून बोलण्याची आपल्याला सवय झालेली असते, आणि ती मालिकेत फार कामाला येते. मात्र या सवयीला दुसरी बाजू आहे. प्रॉम्प्टरच्या भरवशावर काम करणाऱ्या नटाचे कान आणि डोळे नकळत विंगेकडे लागलेले असतात. पेंडॉलमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही. क्लोजअपमध्ये डोळ्यांची ती किंचितशी हालचाल पडदाभर दिसते. शिवाय टाळीसाठी थांबणे, वाक्याचा शेवट वर फेकणे, वर टांगलेल्या माइकच्या दिशेने तोंड करून बोलणे, या सगळ्या आपल्या रंगमंचाच्या रास्त गरजा आहेत, पण कॅमेऱ्यापुढे त्या खोट्या वाटतात.

यावर घरबसल्या करता येईल असा एक सराव सांगतो. आपल्याच एखाद्या नाटकातील खलनायकाचे दहा-बारा ओळींचे भाषण घ्यावे आणि मोबाइलवर छातीपर्यंतच्या चौकटीत तीनदा चित्रित करावे. पहिल्यांदा ते पेंडॉलच्या शेवटच्या रांगेसाठी बोलावे, दुसऱ्यांदा ओसरीवर बसलेल्या चार माणसांसाठी, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या बाजेवर निजलेल्या एकाच माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. तिसरे चित्रण पाहताना आवाजाबरोबर रागही कमी झालेला दिसला, तर अजून काम बाकी आहे असे समजावे. आवाज उतरला तरी राग तेवढाच राहिला पाहिजे.

आपण खलनायक करता म्हणून निळू फुले यांची वाटचाल मुद्दाम पाहावी असे सुचवतो. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून घडला, १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातून पडद्यावर आला आणि १९७५ च्या ‘सामना’पर्यंत मराठी पडद्यावरच्या गावपुढाऱ्याची व्याख्याच त्याने बदलून टाकली. लोकनाट्य म्हणजे थेट प्रेक्षकांशी, मोठ्या आवाजात चालणारा व्यवहार. तरीही पडद्यावरची त्यांची दहशत खालच्या, जवळजवळ आळसावलेल्या आवाजातून येई. लोकरंगभूमीवरच्या नटाला आवाज आवरता येत नाही, असे आपल्याला कुणी सांगितले तर हे उदाहरण पुरेसे आहे.

आता पैशाचे. झाडीपट्टीत नाइट बहुधा प्रयोगापाठोपाठ हाती पडते. मालिकेत रोजाने मोबदला ठरतो, पण तो साधारण नव्वद दिवसांनी खात्यावर जमा होतो, आणि छोट्या भूमिकेला महिन्यातून दोन-चारच दिवस बोलावणे येते. त्यामुळे किमान सहा महिन्यांचे खोलीभाडे आणि जेवणखर्च गाठीशी असल्याशिवाय जाऊ नये. शेत विकून तर मुळीच जाऊ नये. आपल्याकडचे वर्ष यासाठी सोयीचे आहे : होळीला हंगाम संपतो आणि धानाची रोवणी जुलैत येते. मधल्या काळात घरचे लोक मोहफुले आणि तेंदूपत्ता पाहू शकत असतील, तर तीन-साडेतीन महिने आपले असतात. दोन वर्षे एवढ्याच मुदतीसाठी जाऊन ऑडिशन द्याव्यात आणि दिवाळीला परत येऊन हंगाम करावा. डॉ. श्रीराम लागू यांनी वैद्यकी सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला, हे नोकरी सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर असते. त्याआधी कितीतरी वर्षे ते व्यवसाय सांभाळून नाटके करीत होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

बोलीविषयी माझे मत थोडे तिखट आहे. भारत गणेशपुरे यांच्यामुळे वऱ्हाडी घरोघरी पोचली हे खरे, पण त्यानंतर विदर्भातून आलेल्या प्रत्येकाकडून लेखकांना हशाच हवा असतो. त्यातही वऱ्हाडी आणि आपली झाडी बोली यांतला फरक मुंबईत फारसा कुणाला ठाऊक नाही. ‘डोळा’ वऱ्हाडीत ‘डोया’ होतो, तर आपल्याकडे ‘डोरा’ होतो, हे सांगितले तर लोक आश्चर्य करतात. आपण बोली पुसू नये, मात्र ‘ण’ आणि ‘ळ’ यांचे प्रमाण उच्चार रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचून बसवावेत. वकील, शिक्षक, पोलीस अधिकारी अशा गंभीर भूमिकांचे दार त्याशिवाय उघडत नाही. एखाद्या गंभीर भूमिकेसाठी झाडी बोली वापरण्याची संधी आली, तर ती थोड्या मोबदल्यातही स्वीकारावी.

प्रश्न : माझ्या मुलीने भ्रमणध्वनीवर आलेल्या जाहिरातीला उत्तर दिले. मालिकेतील भूमिका निश्चित झाली आहे, असे सांगून नोंदणी आणि छायाचित्रांसाठी पंधरा हजार रुपये मागत आहेत. द्यावेत का? — एक पालक, तालुका सिंदेवाही

उत्तर : देऊ नयेत. ऑडिशनसाठी नटाकडून पैसे घेण्याची पद्धत या व्यवसायात नाही, आणि ऑडिशन न घेताच भूमिका निश्चित होत नाही. मध्यस्थ समन्वयक कमिशन घेतात, पण ते काम झाल्यावर, मिळालेल्या मोबदल्यातून. आधी पैसे दिले असतील, तर व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. मुलीला रागावू नये. पुढच्या वेळी तिने आपल्याला आधी विचारावे, असे आपल्याला वाटत असेलच.

प्रश्न : राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी झाडीपट्टीतील नाटके धरतात का? — एक विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

उत्तर : दिल्लीच्या या विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यासाठी पदवी आणि काही नाट्यप्रयोगांतील सहभाग लागतो, निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळते. नाटक महानगरातलेच असावे, अशी अट नाही. अडचण येते ती पुराव्याची, कारण आपल्याकडे प्रयोग संपला की पोस्टर गोठ्याच्या भिंतीवरच राहते. या हंगामापासून प्रत्येक नाटकाचे आपले नाव छापलेले पोस्टर, रंगमंचावरील एक छायाचित्र आणि कंपनीचे सही-शिक्क्याचे पत्र एका फाइलमध्ये ठेवावे. मुलाखतीत लावणी किंवा नाट्यगीत गाता येते हेही सांगावे, आणि विचारले तर गाऊन दाखवावे.