ताळगाव पठारावर पहिल्यांदाच राहायला येणाऱ्यांसाठी: खोली आणि न्हाणीघर

जूनमध्ये वसतिगृहात येतोस, म्हणजे पहिली गाठ बुरशीशी. गोव्याच्या पावसाळी हवेत भिंतीला टेकवलेलं कपाट आठवडाभरात मागून हिरवट होतं, म्हणून ते चार बोटं पुढे ओढून ठेव. ओले कपडे खोलीत वाळवू नकोस. वाळवावेच लागले, तर पंखा चालू आणि वरची खिडकी उघडी हवी.

खरं लक्ष न्हाणीघराकडे दे. वास बहुतेक वेळा फरशीच्या जाळीतून येतो. जाळी उचल, खालची वाटी बाहेर काढ, तिच्यात केसांचा आणि साबणाचा चिकट गोळा अडकलेला दिसेल. हातमोजा घालून तो काढ आणि कचऱ्यात टाक. पाण्याने पुढे ढकललास तर पाइप तुंबेल. वाटी घासून परत नीट बसव. तिच्यातलं पाणीच गटाराचा वायू आणि झुरळं अडवतं. सुट्टीत ते आटतं, म्हणून घरी जाताना दोन तांबे पाणी ओत.

संडासाला आम्लाचं क्लीनर लाव, दहा-पंधरा मिनिटं थांब, घासून भरपूर पाणी सोड. त्यावर ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नकोस, विषारी क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. हे सहनिवाशांनाही सांग.

बादल्या, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारी रिकाम्या करून आतून घास. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.