यूजनेट या चर्चा-ग्रुपांच्या जाळ्याचा न्यूज सर्व्हर नव्याने उभारल्यावर न्यूजरीडरला (लेख वाचायच्या प्रोग्रामला) नवे लेख का दिसत नाहीत?

तुमचा सर्व्हर बिघडलेला नाही, आकडे बिघडलेत. लेखाचा मेसेज-आयडी सगळ्या जगात एकच असतो, पण लेख क्रमांक प्रत्येक सर्व्हर आपापला देतो, आणि बहुतेक न्यूजरीडर 'वाचलं' ही खूण क्रमांकावरूनच ठेवतात. या खुणा जिच्यात राहतात ती न्यूजआरसी फाइल उघडून बघा, ग्रुपच्या नावापुढे १-४८२१० असं काहीतरी असेल. नव्या सर्व्हरने १ पासून मोजायला सुरुवात केली, की न्यूजरीडरच्या लेखी पुढचे अठ्ठेचाळीस हजार लेख आधीच वाचून झालेले!

खरा उपाय सर्व्हरवरच करा, तोही फीड, म्हणजे इतर सर्व्हरकडून येणारा लेखांचा ओघ, सुरू करण्याआधी. सर्व्हरवर आयएनएन हे न्यूज सॉफ्टवेअर असेल तर ते बंद ठेवून अ‍ॅक्टिव्ह फाइलमध्ये प्रत्येक ग्रुपचा वरचा (शेवटच्या लेखाचा) क्रमांक जुन्या सर्व्हरवरच्यापेक्षा मोठा करा, समजा ५००००. जुनी अ‍ॅक्टिव्ह फाइल बॅकअपमध्ये असेल तर सोन्याहून पिवळं. एवढं केलंत तर एकाही वाचकाला काही करावं लागणार नाही, म्हणून मी याचाच आग्रह धरेन.

फीड आधीच सुरू झाली असेल, तर मात्र प्रत्येकाला न्यूजआरसीतले त्या ग्रुपचे आकडे पुसावे लागतील. थंडरबर्ड वापरत असाल तर त्यात ग्रुपची सदस्यता काढून पुन्हा घ्या. जुन्या वाचलेल्याच्या खुणा जातील, पण नवा एकही लेख हुकणार नाही.